गळ, माशी आणि एका जुन्या ग्रंथाचें शेवटचें पान

पोथ्या जमविणाऱ्यांस हें सांगावयास नको कीं, पोथीचें पहिलें आणि शेवटचें पान हीं दोनच सर्वांआधीं जातात. मधलीं पानें फळ्यांच्या व दोऱ्याच्या आश्रयानें टिकतात. कसर, ओल आणि हाताळणी यांचा पहिला मारा कडेच्या पानांवर होतो. लेखकाचें नांव, लेखनकाल, ग्रंथ कोणासाठीं लिहिला आणि कोणाच्या हातीं तो पडूं नये, हें सगळें बहुधा शेवटच्या पानावरच असतें. त्यामुळें तें एक पान गेलें कीं बाकीची पोथी पोरकी होते. असा प्रकार आपल्याकडेच घडतो असें नाहीं. गळानें मासे धरण्याच्या कलेवरील इंग्रजी भाषेंतल्या सर्वांत जुन्या निबंधाची हीच गत झाली आहे. त्याची हस्तलिखित प्रत अपूर्ण असून शेवट केवळ छापील ग्रंथांत उरला आहे. नद्यांतील मासे कोणीं राखावे व कसे राखावे याविषयीं त्या शेवटच्या पानावर जें लिहिलें आहे, त्याची चर्चा पांचशें वर्षें लोटलीं तरी संपलेली नाहीं. त्या पानाचा कर्ता कोण व त्याचा हेतु काय, हा प्रश्न या लेखांत मुख्यतः घ्यावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाची ओळख. इ. स. १४८६ त सेंट ऑल्बन्स या गांवीं एका मुद्रकानें ससाण्याची शिकार, मृगया आणि ढालींवरील कुलचिन्हें या विषयांवरील एक संग्रह छापला. या मुद्रकाचें नांवहि आज ठाऊक नाहीं. तो शाळामास्तर होता अशी प्रसिद्धि असल्यामुळें त्यास त्याच नांवानें ओळखतात. पुढें दहा वर्षांनीं, म्हणजे १४९६ त, कॅक्स्टनच्या छापखान्याचा वारस विंकिन डी वर्ड यानें वेस्टमिन्स्टर येथें हाच संग्रह पुन्हां छापला व त्यांत एका नव्या विषयाची भर घातली. ही भर म्हणजेच गळानें मासे धरण्याविषयींचा निबंध होय.

हा निबंध डेम जुलिआना बर्नर्स नांवाच्या एका मठाधिकारिणीनें लिहिला, अशी समजूत फार दिवस चालत आली आहे. तिचें मूळ पाहूं गेल्यास हातीं फार थोडें लागतें. १४८६ च्या संग्रहांत मृगयेच्या प्रकरणाच्या अखेरीस 'डेम जुलियन्स बार्न्स' असें एक नांव येतें. तेंहि मृगयेपुरतें, मासे धरण्याच्या निबंधाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. या एका नांवावर सोळाव्या शतकांत जॉन बेलनें थोडें चरित्र रचलें, सतराव्या शतकांत कोणीं तिला सोपवेल येथील मठाची मुख्य केलें, आणि १८१० सालच्या आपल्या पुनर्मुद्रणास हॅझलवुडनें जी प्रस्तावना जोडली तींत ही सारी सामग्री एकत्र झाली. सोपवेलच्या मठाधिकारिणींची जी नांवें कागदोपत्रीं उपलब्ध आहेत त्यांत हें नांव नाहीं. संतकवींच्या चरित्रांत एका अभंगाच्या मुद्रेवरून जन्मगांव, गुरु आणि समाधिस्थान उत्पन्न झालेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. आम्ही या लेखांत कर्त्यास केवळ 'निबंधकार' म्हणूं.

निबंध छापला १४९६ त, परंतु तो त्याहून जुना आहे, हें हस्तलिखितावरून सिद्ध होतें. ही प्रत इ. स. १४५० च्या सुमाराची ठरविण्यांत आली आहे. एकोणिसाव्या शतकांत ती आल्फ्रेड डेनिसन या संग्राहकाजवळ होती; तिजवरून टॉमस सॅचेल यानें १८८३ त निबंधाचा हा जुना पाठ शब्दकोशासह छापून काढला. आज ती अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या बायनिके ग्रंथालयांत आहे. छापील पाठ व हा पाठ यांत शब्दांचे भेद पुष्कळ आहेत, आणि मुद्रकाजवळ हीच प्रत नव्हती एवढें त्यांवरून दिसतें. मोठी उणीव ही कीं, हस्तलिखित मध्येंच तुटतें. कोणत्या माशास कोणतें आमिष लावावें हें प्रकरण चाललें असतां पानें संपतात. माशांच्या नकलांची यादी आणि अखेरचे आचारनियम त्यांत नाहींत. त्या दोहोंसाठीं डी वर्डच्या छापील पानांवरच सगळी भिस्त ठेवावी लागते.

'माशी' हा शब्द आपल्या वाचकांस येथें अडेल म्हणून दोन शब्द लिहितों. थंड व वाहत्या ओढ्यांत राहणारा ट्राउट नांवाचा मासा पाण्याच्या पृष्ठभागीं उतरणारे किडे खातो. ते किडे इतके नाजूक असतात कीं, गळावर ओंवतां येत नाहींत. म्हणून गळासभोंवतीं लोंकर व रेशीम गुंडाळून, वर पिसांचे पंख बांधून किड्याची नक्कल करावयाची व ती पाण्यावर उतरवावयाची, ही युक्ति निघाली. ही इंग्लंडची उपज नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास रोमन साम्राज्यांत राहून ग्रीक भाषेंत प्राण्यांविषयीं लिहिणारा ईलियन सांगतो कीं, मॅसिडोनियांत अस्त्रेयस नदीवर लोक गळाला तांबडी लोंकर गुंडाळून वर मेणाच्या रंगाचीं कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात. त्यानें हें स्वतः पाहिलेलें नाहीं, ऐकून लिहिलें आहे. तरी वर्णनाचा नेमकेपणा पाहतां सांगणारा माहितगार असावा असें वाटतें.

आतां निबंधांतील मजकूर. आरंभीं लेखक सुलेमान राजाच्या वचनाचा आधार घेऊन म्हणतो कीं, प्रसन्न चित्तानें आयुष्य बहरतें. आणि मग मृगया, ससाण्याची शिकार, पांखरें धरणें व मासे धरणें या चार करमणुकींची तुलना करितो. शिकारी दिवसभर धांवतो, शिंग फुंकून ओंठ सुजवितो, आणि ससा म्हणून ज्यामागें लागला तो पुष्कळदां साळू निघतो! मासे धरणाराचें नुकसान झालेंच तर एखादी दोरी किंवा गळ जातो, आणि मासा न मिळाला तरी सकाळचें फिरणें, कुरणांतील फुलांचा वास व पक्ष्यांचें गाणें हीं त्याच्या पदरांत पडलेलींच असतात. या विनोदी तुलनेपलीकडे निबंधाचा बहुतेक भाग कारागिराचा आहे, आणि आमच्या मतें त्याचें खरें मोल तेथेंच आहे. गळाची काठी करावयाची तर लांकूड मिकेलमासपासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, २ फेब्रुवारीच्या कँडलमासपर्यंतच्या काळांत तोडावें. हेझल, विलो अथवा ॲस्पेन यांची दीड वांव लांबीची व दंडाएवढी जाड काठी घेऊन ती भट्टींत शेकावी, सरळ करावी, चार आठवडे वाळवावी. मग तापलेली तार आंत घालून ती पोकळ करावी. वरचा लवचीक तुकडा काळ्या कांट्याच्या झुडुपाचा, रानसफरचंदाचा किंवा जुनिपरचा करावा, आणि तो या पोकळींत लपवावा. मग हातांतील काठी पाहून आपण कोठें निघालों हें वाटेंत कोणास कळावयाचें नाहीं, असें निबंधकार मोठ्या समाधानानें सांगतो. दोरी पांढऱ्या घोड्याच्या शेंपटीच्या केंसांची. ती पाण्याच्या रंगाप्रमाणें पिवळी, हिरवी, तपकिरी रंगवावी. केंस किती घ्यावयाचे याचा हिशेबहि दिला आहे. अगदीं बारीक मिनोसाठीं १, ट्राउटसाठीं ९, मोठ्या ट्राउटसाठीं १२, सामनसाठीं १५. गळ विकत घ्यावयाचे नाहींत. शिवणाच्या व भरतकामाच्या सुया कोळशावर तापवून, वांकवून व पाणी देऊन घरींच करावयाचे.

त्यानंतर बारा माश्या येतात. मार्चपासून ऑगस्टपर्यंत कोणत्या महिन्यांत कोणती माशी, तिचें अंग कोणत्या रंगाच्या लोंकरीचें, पंख कोणत्या पक्ष्याच्या पिसाचे, हें एकेका ओळींत दिलें आहे. मार्चच्या आरंभीं करड्या लोंकरीचें अंग व तितराचे पंख. एप्रिलांत काळ्या लोंकरीच्या अंगास पंखांखालीं व शेंपटीखालीं पिवळा रंग. जुलैंत काळ्या लोंकरीवर पिवळा दोरा फिरवून केलेली गांधीलमाशी. ही यादी पुढें फार दिवस चालली. १५९० त लिओनार्ड मॅस्कलनें ती उचलली, आणि १६५३ त आयझॅक वॉल्टननें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत ज्या बारा माश्या दिल्या त्यांतहि तिचाच वंश ओळखूं येतो. मधल्या लेखकांपैकीं कितीजणांनीं त्या स्वतः बांधून पाण्यावर टाकून पाहिल्या असतील, याची आम्हांस शंका आहे. एका पोथीवरून दुसरी उतरवितांना चुकाहि इमानानें उतरविल्या जातात हें कोणास ठाऊक नाहीं?

यानंतर शेवटचें पान. त्यांत सांगितलेले नियम थोडक्यांत असे. गरीब माणसाच्या खाजगी पाण्यांत, जेथें त्यानें मासे राखले आहेत तेथें, त्याच्या परवानगीवांचून गळ टाकूं नये. कोणाचे सांपळे मोडूं नयेत व त्यांत अडकलेले मासे घेऊं नयेत. कोणाचें कुंपण तोडूं नये, आणि वाटेंतील फाटक उघडल्यास पुन्हां लावून घ्यावें. ही करमणूक पैसा मिळविण्यासाठीं किंवा वांचविण्यासाठीं करूं नये. मनाच्या विसाव्यासाठीं व देहाच्या आरोग्यासाठीं करावी. एका वेळीं फार मासे धरूं नयेत. धराल तर आपलीच करमणूक नासेल व दुसऱ्यांचीहि नासेल. पुरेसे मिळाले म्हणजे अधिक लोभ न धरतां परत फिरावें. मासे वाढावेत म्हणून झटावें आणि त्यांस खाऊन टाकणाऱ्या प्राण्यांचा नाश करावा.

या अखेरच्या वाक्यास आजचे प्राणिशास्त्रज्ञ संमति देणार नाहींत. पाणमांजर व बगळा यांस मारल्यानें नदीचें भलें होतें असें आतां कोणी मानीत नाहीं. बाकीचे नियम मात्र आज कोणत्याहि गळवाल्या मंडळाच्या फलकावर जसेच्या तसे लिहितां येतील.

मासे राखण्याची आज्ञा या निबंधानें प्रथम दिली, असें कांहीं उत्साही लेखक म्हणतात. तें खरें नाहीं. पहिल्या एडवर्ड राजाच्या १२८५ च्या वेस्टमिन्स्टर येथील कायद्यांत ४७ वें कलम सामन माशांविषयीं आहे. हंबर, ट्रेंट, टाइन इत्यादि नद्यांचीं नांवें देऊन त्यांत ८ सप्टेंबरपासून ११ नोव्हेंबरपर्यंत सामन धरण्यास मनाई केली आहे. तसेंच एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पाणचक्क्यांच्या डोहांत जाळीं लावून पिलें धरूं नयेत असें सांगितलें आहे. पहिल्या गुन्ह्यास जाळीं जाळावीं, दुसऱ्यास तीन महिने कैद, तिसऱ्यास एक वर्ष. आणि ज्यांस इतिहासाच्या सलगतेचा हर्ष आहे त्यांनीं आपल्याकडील याहून दीड हजार वर्षें जुना लेख समोर ठेवावा. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीं, चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा व तिष्य नक्षत्राची पौर्णिमा यांच्या आगेमागें चतुर्दशी, पौर्णिमा व प्रतिपदा या तिथींस, आणि उपोसथाच्या दिवशीं, मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत अशी आज्ञा आहे. त्याच दिवशीं हत्तींच्या राखीव वनांत व कोळ्यांच्या राखीव पाण्यांत इतर प्राण्यांचीहि हत्या वर्ज्य केली आहे. 'विकूं नयेत' हे शब्द आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. नदीकांठी पहारा बसविणें कठीण. बाजारांत बसविणें सोपें. हें राजाच्या अधिकाऱ्यांस कळलें होतें.

तेव्हां मनाई नवी नाहीं. निबंधांत नवें आहे तें असें कीं, येथें राजा बोलत नाहीं आणि दंडहि नाहीं. एक मासे धरणारा दुसऱ्या मासे धरणाऱ्यास सांगतो कीं, परवां तुलाच मासा हवा असेल तर आज हात आवर.

आतां ज्या वाक्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येऊं. नियम संपल्यावर निबंधांत असें म्हटलें आहे कीं, हा निबंध सुटा छापून लहानशा पुस्तिकेच्या रूपानें काढला असता तर तो हरएक रिकामटेकड्याच्या हातीं गेला असता, आणि अशा बेताल लोकांनीं या करमणुकीचा पुरता नाश केला असता. म्हणून तो थोरामोठ्यांच्या उपयोगाच्या इतर ग्रंथांबरोबर एका मोठ्या संपुटांत घातला आहे. ग्रंथ महाग करून मासे वांचविण्याची ही युक्ति ग्रंथांच्या इतिहासांत आम्हांस तरी दुसरीकडे आढळलेली नाहीं. आपल्याकडे 'ही विद्या अनधिकाऱ्यास देऊं नये' असें पोथीच्या अखेरीस पुष्कळदां लिहिलेलें असतें. तेथें विद्येचें पावित्र्य राखावयाचें असतें, येथें नदींतला ट्राउट राखावयाचा आहे.

हें वाक्य कोणाचें? नेहमीं तें निबंधकाराच्याच नांवावर घालतात. आम्हांस तें मान्य नाहीं. वाक्यांत 'छापणें' हा शब्द स्पष्ट आहे. हस्तलिखित १४५० च्या सुमाराचें. इंग्लंडांत कॅक्स्टननें पहिला छापखाना घातला १४७६ त. जो निबंध छापखान्यापूर्वीं पंचवीस वर्षें अस्तित्वांत होता त्याच्या कर्त्याच्या तोंडीं 'सुटा छापला असता तर' हे शब्द कसे यावे? शिवाय मोठें संपुट तयार करणारा डी वर्ड. तें आपण केलें असें म्हणण्याचा अधिकारहि त्याचा किंवा त्यानें नेमलेल्या संपादकाचा. म्हणून हें वाक्य मुद्रकाच्या घरचें, असा आमचा निर्णय आहे. त्या आधींचे नियम मात्र निबंधकाराचे असण्यास हरकत नाहीं. फाटक लावून घेण्याची सूचना शहरांतील मुद्रकास सुचण्यासारखी नाहीं. ती ज्याच्या अंगावर एखादा शेतकरी कधीं ओरडला असेल त्यालाच सुचते. तरी हस्तलिखिताचीं शेवटचीं पानें हातीं आल्यावांचून दोन हातांची ही सरहद्द नक्की आंखतां येणार नाहीं, हेंहि कबूल करतों.

मुद्रकाचा हेतु शुद्ध होता काय? संशयास जागा आहे. ज्याला मोठें पुस्तक खपवावयाचें आहे तो तें मोठें कां केलें याचें कांहींतरी उदात्त कारण देणारच. शिवाय पुढें काय झालें तेंहि पाहावें. त्याच डी वर्डनें, आपल्या मृत्यूपूर्वीं, १५३० नंतरच्या दोनचार वर्षांत, हाच निबंध सुटा, लहानशा आकारांत छापून विकला. म्हणजे ज्या रिकामटेकड्यांपासून मासे राखावयाचे होते त्यांच्या हातीं तो चाळीस वर्षांच्या आंत मुद्रकानेंच दिला! त्या सुट्या पुस्तिकेच्या प्रती आज अतिदुर्मिळ आहेत. मोठ्या संपुटाच्या प्रती त्या मानानें बऱ्या टिकल्या. संग्राहकांस याचें कारण सांगणें नको. जाड बांधणीचा ग्रंथ कपाटांत राहतो, आणि चोपडी खिशांत घालून नदीवर नेली जाते व तेथेंच संपते.

परंतु हेतु कांहींहि असो, त्या वाक्यानें एक अवघड प्रश्न उघडा केला. मासे राखावयाचे ते कोणापासून? निबंधाचें उत्तर 'रिकामटेकड्यांपासून' असें आहे, आणि त्यांत ज्याला मोठा ग्रंथ घेण्याची ऐपत नाहीं तो प्रत्येकजण येतो. नियमांत गरिबाच्या पाण्यास हात लावूं नये असें म्हणणारा ग्रंथ अखेरीस गरिबास पुस्तकापासून दूर ठेवतो. पुढें इंग्लंडांत ट्राउटच्या उत्तम नद्यांचे कांठ जमीनदारांच्या व वर्गणीदार मंडळ्यांच्या हातीं राहिले, मासे टिकले, आणि नदीकांठच्या खेडुताला तेथें गळ टाकतांना पकडलें तर तो चोर ठरला. नदी राखणें आणि नदी अडविणें यांतील भेद फार बारीक आहे, आणि या निबंधाच्या एकाच पानावर दोन्ही शेजारीं शेजारीं उभीं आहेत.

दुसऱ्या बाजूची परंपरा याच देशांत निघाली, आणि तिचा उगम एका चुकीच्या वाचनांत आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस रुचेल. रोमन कायद्यांत, जस्टिनियनच्या संहितेंत, नद्या व बंदरें सार्वजनिक असून त्यांत मासे धरण्याचा हक्क सर्वांचा, असें म्हटलें होतें. १२१५ च्या मॅग्ना कार्टांत मात्र असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. त्याचें ३३ वें कलम टेम्स, मेडवे व इतर नद्यांतले मासे धरण्याचे कूड काढून टाकावे असें सांगतें, तें होड्यांच्या वाहतुकीसाठीं. ४७ व्या कलमांत राजा जॉननें आपल्या कारकीर्दींत राखीव केलेले नदीकांठ मोकळे करावे असें आहे. १२२५ च्या पाठांत तेंच १६ वें कलम होऊन येतें. हे कांठ राखीव कशासाठीं होते? राजास पाणपक्ष्यांवर ससाणा सोडावयाचा असे म्हणून! माशांचा तेथें संबंधच नव्हता. परंतु पुढील न्यायाधीशांनीं या कलमांवरून असा सिद्धांत काढला कीं, मॅग्ना कार्टानंतर राजास भरतीओहोटीच्या पाण्यांत मासे धरण्याचा एकट्याचा हक्क कोणास नव्यानें देतां येत नाहीं. हा सिद्धांत समुद्रापार गेला. १८२१ त न्यू जर्सींत आर्नल्ड विरुद्ध मंडी या कालवांच्या खटल्यांत, आणि १८४२ त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत मार्टिन विरुद्ध वॅडेल या खटल्यांत, अशीं पाणीं लोकांसाठीं विश्वस्त म्हणून सरकाराकडे असतात असें ठरलें. दुसऱ्या खटल्यांत सरन्यायाधीश टेनी यानें मॅग्ना कार्टाचा दाखलाहि दिला. पाणी आणि रानें हीं सार्वजनिक ठेव आहेत या अमेरिकेंतील कल्पनेचा हा एक मोठा आधार झाला, आणि १९९६ त भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें बियास नदीचा प्रवाह वळविल्याच्या प्रकरणांत, कमलनाथ खटल्यांत, हाच विश्वस्ततेचा सिद्धांत आपल्या कायद्यांत आणला. ससाण्यासाठीं अडविलेल्या कांठांच्या कलमावरून बियासपर्यंत! अपपाठ नेहमींच वाईट नसतो, असें म्हणण्याचा मोह होतो.

आपल्या दख्खनकडे पाहतां, गळानें मासे धरणें ही राजाची करमणूक म्हणून लिहून ठेवण्यांत आम्ही इंग्रजांच्या मागें नव्हतों. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील भूलोकमल्ल सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या मानसोल्लासांत, वीस विनोदांच्या विंशतींत, श्येनविनोद व मृगया यांच्या मध्यें मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. महाराष्ट्रांत बायका कांडतांना ओवी गातात हा उल्लेख ज्या ग्रंथांत सांपडतो तोच हा ग्रंथ. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेले त्याचे तीन भाग बडोद्याहून १९२५, १९३९ व १९६१ त निघाले. मत्स्यविनोदांत समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे प्रकार, आणि कोणत्या जातीस कोणतें खाद्य घालावें, हें सविस्तर दिलें आहे. वेस्टमिन्स्टरच्या संपुटांतहि ससाणा, मृगया व मासे हींच त्रयी आहे. या साम्यावरून देवघेव झाल्याचा तर्क कोणी काढूं नये; राजांचे छंद सगळीकडे सारखेच असतात.

दख्खनच्या माशांस शास्त्रांत नांवें मिळालीं तीं कर्नल साइक्सकडून. मुंबई सरकारासाठीं मुलखाची पाहणी करीत असतां त्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन केलें व १८३९ च्या सुमारास तें छापलें. त्यानें बहुतेक जातींस कोळ्यांच्या तोंडचींच नांवें दिलीं. खुद्री, कोलस, फुलंगी हे शब्द असे जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेले. यांतील खुद्री म्हणजे पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत त्यास सांपडलेला महसीर. हिंदुस्थानांतील इंग्रज गळवाल्यांनीं ट्राउट विसरून ज्याचा पिच्छा पुरविला तो हा मासा. त्यांच्यापैकीं हेन्री सलिव्हन टॉमस हा दक्षिण कानडा जिल्ह्यांतील कलेक्टर. त्यानें १८७३ त मंगळूर येथें गळाच्या शिकारीवर मोठा ग्रंथ छापला, आणि त्याच सुमारास बारीक जाळ्यांनीं पिलें उपसणें व पाण्यांत विष कालवणें यांविरुद्ध सरकारकडे सतत लिहिलें. सुरुंगानें व विषानें मासे मारणें हा गुन्हा ठरविणारा कायदा पुढें १८९७ त झाला. येथेंहि राखणारा तो गळवालाच, आणि येथेंहि पोटासाठीं मासे धरणारा भोई त्याच्या दृष्टीनें पुष्कळदां केवळ नासधूस करणारा, हें ध्यानांत ठेवावें.

राखण्याच्या उत्साहानेंहि घात होतो. साइक्सच्या याच खुद्रीचीं पिलें लोणावळ्याच्या तलावावर निपजवून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. त्यांत कावेरीहि होती. कावेरींत तिचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर होता. गळवाल्यांनीं १९९८ ते २०१२ या वर्षांत ठेवलेल्या नोंदी अभ्यासून २०१५ त दाखविण्यांत आलें कीं, बाहेरचा मासा वाढत गेला व मूळचा जवळजवळ नाहींसा झाला. त्या मूळच्या माशास शास्त्रीय नांव निश्चित झालें तें २०१८ त, आणि त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मासा धरून, मोजून व पुन्हां पाण्यांत सोडून ज्यांनीं वह्या भरल्या, त्यांच्या त्या वह्या नसत्या तर ही हानि कोणास कळलीहि नसती.

आपल्याकडे नदीचा एखादा डोह देवाचा म्हणून राखण्याची चाल जुनी आहे. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथें तिळसेश्वराच्या देवळापाशीं, आणि महाडकडे वाळणकोंडीं वरदायिनीच्या डोहांत महसीर राखलेले आहेत. तेथें गळ पडत नाहीं, भाविक माशांस खाणें टाकतात. अशा डोहांविषयीं देवस्थानांच्या दप्तरांत मनाईपत्रें, इनामपत्रांतील कलमें, किंवा भोई-कोळ्यांच्या हक्कांचे महजर ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडण्याची कृपा करावी. कागद फाटका असला तरी चालेल; मात्र शेवटचा बंद असल्यास तो वेगळा जपून पाठवावा, कारण पाणी कोणाचें हें बहुधा तेथेंच लिहिलेलें असतें.